खानेसुमारी आणि नावनिशी

आमच्या लहानपणी घरातील वडील माणसे जनगणनेस 'खानेसुमारी' म्हणत असत. खाना म्हणजे घर, आणि शुमार म्हणजे मोजदाद. माणसे मोजावयाची तर घरोघर हिंडून मोजावयाची, ही कल्पना त्या शब्दातच बसलेली आहे. शब्द सुंदर आहे, परंतु त्यात एक अडचण आहे. ज्यास घरच नाही, त्याची नोंद खानेसुमारीत कशी व्हावी?

नाताळच्या सणास आमच्या शाळेत जो नाट्यप्रवेश होतो, तो सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांनी पाहिलेला आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील ती कथा आहे. कैसर औगुस्त याची आज्ञा सुटली की सर्वांची नावनिशी लिहिली जावी. त्याप्रमाणे योसेफ व मरीया नासरेथ सोडून बेथलेहेमास आली, तेथील उतारशाळेत त्यांस जागा मिळाली नाही, आणि बालकास गव्हाणीत ठेवावे लागले. ही कथा आम्ही पुष्कळ वर्षे शिकवीत आलो; पण मोजदाद आणि बेघरपणा या दोन गोष्टी त्या एकाच रात्री एकत्र आल्या आहेत, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले. नासरेथास त्यांचे बिऱ्हाड होते, बेथलेहेमास निवारा नव्हता. कैसराच्या कारकुनाने त्यांस कोणत्या रकान्यात लिहावयाचे? घर असलेले की नसलेले? हा प्रश्न केवळ पुराणकाळचा नाही. आपल्या पलूस तालुक्यात तो दरवर्षी दिवाळीच्या सुमारास पुन्हा उभा राहतो. त्याकडे आपण पुढे येऊच.

प्रथम आपल्या देशातील मोजणी कशी होते ते पाहू. भारताच्या जनगणनेत बेघरांची गणती एका ठराविक रात्री करण्याची वहिवाट आहे. 2011 साली ती 28 फेब्रुवारीच्या रात्री झाली. जे कुटुंब घरात अथवा इमारतीत राहत नाही. रस्त्याच्या कडेस, पदपथावर, सिमेंटच्या मोठ्या नळांत, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या उघड्या आवारात, मांडवात किंवा रेल्वेच्या फलाटावर राहते, ते बेघर, अशी गणनेची व्याख्या आहे. त्या रात्रीच्या हिशेबाने सर्व देशात सुमारे 17 लाख 73 हजार माणसे बेघर भरली. त्यांपैकी महाराष्ट्रात सुमारे 2 लाख 10 हजार होती. त्यापूर्वी दहा वर्षांनी, म्हणजे 2001 साली, देशाचा आकडा सुमारे 19 लाख 43 हजार होता. एकूण संख्या घटली, म्हणून समाधान मानावे काय? आकडे फोडून पाहिले तर निराळेच दिसते. खेड्यांतील बेघर सुमारे 11 लाख 60 हजारांवरून 8 लाख 30 हजारांवर आले, परंतु शहरांतील बेघर सुमारे 7 लाख 80 हजारांवरून 9 लाख 40 हजारांवर गेले. एकच बेरीज पाहून जो थांबतो त्याची फसगत होते, हे गणिताच्या तासास आम्ही नेहमी सांगतो. येथे त्याचे उदाहरण आयतेच मिळाले. 2021 ची गणना महामारीमुळे झाली नाही. पुढच्या गणनेसाठी 1 मार्च 2027 ही संदर्भतारीख ठरविण्यात आली. तोपर्यंत जो कोणी बेघरांविषयी बोलेल त्यास 2011 च्या त्या एका रात्रीचाच आधार घ्यावा लागेल.

आता एका रात्रीच्या मोजणीने काय कळते व काय कळत नाही? सांगलीस आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी मोजतात हे आपणांपैकी प्रत्येकास ठाऊक आहे. पावसाळ्यात 'आज किती फूट?' हा प्रश्न आपल्याकडे नमस्कारासारखा विचारला जातो. 40 फुटांस इशारा, 45 फुटांस धोका. 2005 साली पाणी 53 फुटांच्या वर गेले, आणि 2019 च्या ऑगस्टात 57 फुटांच्याही वर चढले. समजा, ही पातळी दहा वर्षांतून एकदाच, तीही फेब्रुवारी महिन्यातील एका रात्री मोजावी असा नियम असता, तर? आकडा अगदी बिनचूक आला असता, आणि त्याचा एकाही गावास उपयोग झाला नसता. पुराच्या दिवसांत आपण पातळी तासातासास मोजतो. इतकेच नव्हे तर कोयनेतून किती पाणी सोडले, वारणेचे किती आले, खाली अलमट्टीतून किती पुढे गेले, हेही विचारतो. पातळी ही आवक व विसर्ग यांच्या वजाबाकीने ठरते. बेघरपणाचेही असेच आहे. या महिन्यात नवीन किती कुटुंबे उघड्यावर आली, कोणत्या कारणाने आली, आणि किती कुटुंबांस घर मिळाले, हे महिन्याच्या महिन्यास कळेल तरच 'कोठे अडते आहे' हे कळेल. दहा वर्षांनी आलेला आकडा इतिहासास उपयोगी. धान्याची पिशवी कोणाच्या दारी न्यावी, हे त्यावरून ठरविता येत नाही. आणि येथे तर दारच नाही!

आता दिवाळीच्या सुमाराची गोष्ट. कारखान्यांचे गाळप सुरू झाले की बीडकडून व इतर दुष्काळी भागांतून ऊसतोड्यांच्या टोळ्या आपल्या शिवारात येतात. कुंडलच्या बाजूस जाणाऱ्या रस्त्यांवर त्यांच्या बैलगाड्या व ट्रॅक्टर पहाटेच दिसू लागतात. नवरा-बायकोच्या जोडीस 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून आगाऊ 'उचल' घेतलेली असते. आणि ती फिटेपर्यंत उसाच्या पाचटाची वा ताडपत्रीची 'कोपी' हेच त्यांचे घर. मार्च-एप्रिलपर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा महिने, लेकराबाळांसह ते तेथे राहतात. फेब्रुवारीच्या अखेरीस जेव्हा बेघर मोजले गेले, तेव्हा हा हंगाम ऐन भरात होता. कोपीस छप्पर आहे, म्हणून ते घर म्हणावे काय? गावी त्यांच्या घरास कुलूप आहे, म्हणून ते बेघर नव्हेत असे म्हणावे काय? योसेफाचाच प्रश्न. ज्यास तिकडे घर आहे त्यास तिकडे शोधावे तर तो तेथे नाही, आणि येथे शोधावे तर 'हे परगावचे' असे उत्तर मिळते. दोन्ही ठिकाणच्या वहीत आपले नाव नसणे हे किती सोपे असते, हे घरात निजणाऱ्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही.

येथे आम्हांस स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत पाचवीस एक मुलगा दाखल झाला. त्याचे आईबाप पालावर राहत. भांडी दुरुस्त करणे, मध विकणे असा त्यांचा फिरता धंदा होता. प्रवेशाच्या अर्जात 'पत्ता' या शब्दापुढे त्याचा बाप बराच वेळ पेन धरून बसला. त्यास संकोच होऊ नये म्हणून आम्ही म्हटले, "राहू द्या, आम्ही लिहितो," आणि 'मु. पो. पलूस' असे लिहून मोकळे झालो. आम्हांस वाटले, आपण मोठी दया केली. मुलगा हुशार होता. पाढे त्यास आमच्यापेक्षा चटकन येत. दिवाळीच्या सुटीनंतर तो आला नाही. आठ दिवस वाट पाहून आम्ही चौकशीस निघालो, तर माळावर तीन दगडांच्या चुली तेवढ्या उरल्या होत्या. पाल उठून गेले होते. कोठे गेले, कोणाबरोबर गेले, पूर्वी कोठून आले होते, यांपैकी एकही गोष्ट आम्ही लिहून घेतलेली नव्हती. दाखल-पुस्तक काढून पाहिले तर तेथे आमच्याच अक्षरात लिहिलेले: मु. पो. पलूस. त्या पुस्तकावरून कोणी हिशेब केला असता तर आमच्या शाळेत एकही बेघर मूल नाही असेच निघाले असते. खोटी नोंद केवळ लबाडीने होते असे नाही. ती पुष्कळदा भिडेने व दयेनेही होते.

2019 च्या महापुरात याचे दुसरे रूप दिसले. भिलवडी, अंकलखोप, आमणापूर, बुर्ली या काठावरच्या गावांत पाणी कोठवर आले होते त्याच्या खुणा लोक अजून दाखवितात. 8 ऑगस्ट रोजी ब्रह्मनाळ येथे माणसांस बाहेर काढणारी नाव उलटून अनेकांस जलसमाधी मिळाली. त्या गावाचे नाव काढले की आजही बोलणारा क्षणभर थांबतो. पाणी ओसरल्यावर पंचनामे झाले. घर पूर्ण पडले, काही अंशी पडले, की झोपडी वाहून गेली, असे प्रकार असतात. काही अंशी म्हणजे निदान 15 टक्के नुकसान झाले पाहिजे. ज्याच्या त्याच्या वर्गाप्रमाणे मदत ठरते. हे योग्यच आहे. नियमावाचून सरकारी पैसा वाटता येत नाही. परंतु घर कोणाचे, हे कशावरून ठरवावयाचे? उताऱ्यावरून. उतारा बहुधा आजोबांच्या किंवा थोरल्या दिराच्या नावे. शिधापत्रिका पाण्यात भिजून लगदा झालेली. भाड्याने राहणाऱ्याचे भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण सर्व गेले तरी पडलेली भिंत मालकाची. 'पुरावा आणा' हे दोन शब्द त्या दिवसांत जितके ऐकू आले तितके पूर्वी कधी ऐकले नव्हते.

या 'पुरावा' शब्दाविषयी थोडे बोलावेसे वाटते. हल्ली सर्वत्र म्हणतात की कामे पुराव्याच्या आधाराने व्हावीत. आम्हांस हे मत मान्य आहे. पण पुरावा कोणी आणावयाचा? उघड्यावर पडलेल्या विधवेने आपण उघड्यावर पडलो आहो असा कागद आणावयाचा, की ज्यांच्याजवळ वाहने, यंत्रे व पगारी माणसे आहेत त्यांनी तिच्यापर्यंत जाऊन डोळ्यांनी पाहून लिहून घ्यावयाचे? आमच्या मते हा भार दुसऱ्या पक्षावर असावा.

तसे प्रयत्न झालेले नाहीत असे मात्र नव्हे. प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजना 2016 साली सुरू झाली, ती या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. पूर्वी घरकुल कोणास द्यावयाचे हे पुष्कळसे गावातील वजनावर ठरे. नव्या योजनेत 2011 च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय पाहणीची यादी आधारास घेतली. ज्यांस निवाराच नाही, अशा कुटुंबांस त्या पाहणीत आपोआप आत घेतले होते. त्यानंतर कच्च्या भिंतींच्या व कच्च्या छपराच्या, एक किंवा दोन खोल्यांत राहणाऱ्यांचा क्रम लागे. ही यादी ग्रामसभेपुढे वाचून खरी-खोटी करावयाची. सपाटीवरील प्रदेशात 1 लाख 20 हजार रुपये, तेही हप्त्यांनी व थेट बँकेत. आणि प्रत्येक टप्प्यास बांधकामाचे असे छायाचित्र काढावयाचे की त्यात ठिकाण व वेळ आपोआप नोंदली जावी. कागदावर उभे राहिलेले आणि शिवारात कोठेच नसलेले घर या युक्तीने फार अवघड झाले.

तरी यादी ही यादीच. 2011 साली जो मुलगा बापाच्या घरात शाळेत जात होता, त्याचे पुढे लग्न झाले, चूल निराळी झाली, आणि यादीत त्याचे कुटुंब नव्हते, कारण ते तेव्हा जन्मासच आले नव्हते. अशा वगळलेल्यांसाठी 2018 व 2019 साली पुन्हा पाहणी करावी लागली. दुसरे असे की, ज्याच्याजवळ यंत्रावर चालणारी दुचाकी आहे त्यास सधन समजून वगळण्याचा नियम होता. आमच्या भागातील द्राक्षबागांत छाटणीस व विरळणीस जाणारा मजूर जुनीपुराणी मोटारसायकल घेतो ती मौजेसाठी नव्हे. दहा कोसांवरची मजुरी गाठण्यासाठी घेतो. चैनीची खूण म्हणून जे धरले ते खरोखर गरजेचे चिन्ह होते. 2024 साली हा नियम काढून टाकण्यात आला. एखादे माप चुकीचे आहे हे कळून येणे व ते बदलणे, यालाच पुराव्याने चालणे म्हणतात. मात्र मधल्या आठ वर्षांत ज्यांची नावे गळाली त्यांस ही व्याख्या सांगून समाधान होणार नाही.

आणखी एक गोष्ट आकड्यांनीच उघड केली. घरासाठी रक्कम मंजूर आहे, पण घर बांधण्यास जागा नाही, असे पुष्कळ निघाले. जागा नाही तर पाया कोठे खणावा? यासाठी महाराष्ट्र सरकारने पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावे जागा खरेदीस साहाय्य देणारी योजना काढली. त्यात पूर्वी 50 हजार रुपयांपर्यंत मिळत. पुढे ही मर्यादा 1 लाख करण्यात आली. शहरांतील उघड्यावर निजणाऱ्यांसाठी राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात दर एक लाख वस्तीमागे शंभर माणसांचे एक कायमचे निवारागृह असावे असे प्रमाण घातले होते. सांगली-मिरज-कुपवाड या महापालिकेची वस्ती 2011 साली पाच लाखांच्या वर होती, तेव्हा तेथे हे प्रमाण लागू पडे. पलूससारख्या गावास ते मोजमापच लागत नाही.

आता थोडे परदेशाकडे पाहू. अमेरिकेत डेनिस कुल्हेन नावाच्या विद्वानाने, आर. कुन यांच्यासह, न्यूयॉर्क व फिलाडेल्फिया येथील रात्रनिवासांच्या वह्या तपासून 1998 साली एक निबंध प्रसिद्ध केला. तोपर्यंत सर्वांची समजूत अशी होती की बेघर ते सारे सारखेच. वह्यांनी निराळे सांगितले. दहांपैकी आठ माणसे एकदाच, थोड्या दिवसांसाठी आली होती, व पुन्हा आली नव्हती. एकजण वारंवार ये-जा करी. आणि उरलेला एकजण वर्षानुवर्षे तेथेच राहत होता. एकूण खाटा-रात्रींपैकी जवळजवळ निम्म्या त्या दहाव्या हिश्श्याच्या माणसांनी व्यापल्या होत्या. याचा अर्थ असा की पहिल्या आठांस थोडा हात दिला तर पुरे, दहाव्यास मात्र कायमचे घरच दिले पाहिजे. आणि ते देणे वर्षानुवर्षे खाट देण्यापेक्षा फारसे महागही पडत नाही. फिनलंड देशाने हीच वाट धरली. तेथे 1987 पासून दरवर्षी बेघरांची मोजणी होते. 2008 पासून 'आधी घर, मग बाकीचे' असे धोरण ठरले. हेलसिंकी शहरात मुक्तिफौजेचे मोठे रात्रनिवासस्थान होते. त्याच्या खाटा काढून तेथे स्वतंत्र बिऱ्हाडे करण्यात आली. 2023 साली त्या देशातील बेघर सुमारे 3,400 वर आले होते. 2024 साली ते वाढून सुमारे 3,800 झाले. वाढ झाली हे लगेच कळले, कारण मोजणी दरवर्षी होत होती.

कॅनडातील मेडिसिन हॅट या लहान शहराने याहून बारीक काम केले. तेथे केवळ संख्या न ठेवता प्रत्येक बेघर माणसाची नावानिशी यादी ठेवली, व तिच्यावरील प्रत्येक माणसाचे पुढे काय झाले हे पाहत राहिले. दीर्घकाळ बेघर असलेली माणसे तीन किंवा त्यांहून कमी, आणि तीही लागोपाठ तीन महिने, अशी स्थिती 2021 साली तेथे आली. पुढे ती टिकली नाही, संख्या पुन्हा वर गेली, हेही सांगितले पाहिजे. परंतु आमचे लक्ष वेधले ते यादीच्या स्वरूपाने. ही खानेसुमारी नव्हे. ही शुभवर्तमानातील नावनिशी होय. संख्या सांगते की सतरा बेघर आहेत. नावनिशी सांगते की अमुक म्हातारीचे आधार-पत्र हरवले आहे, अमुक गड्यास घर मिळाले पण ते कामापासून फार दूर आहे.

पालकांपैकी काहींच्या मनात येथे शंका येईल, आणि ती रास्त आहे. नाव लिहून घेणे हे नेहमीच हितासाठी होते काय? आपल्या देशात 1871 साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पारधी, कैकाडी इत्यादी अनेक फिरत्या जमातींची नावानिशी नोंद झाली. हजेरी लावल्यावाचून गाव सोडण्याची बंदी झाली. पुष्कळांस तारेच्या कुंपणाआड वसाहतींत ठेवले. जन्मास आलेले मूलही त्या नोंदीने गुन्हेगार ठरे. देशातील अशा काही वसाहती मुक्तिफौजेने चालविल्या होत्या; ख्रिस्ती या नात्याने ही गोष्ट आम्ही झाकून ठेवू इच्छित नाही. 31 ऑगस्ट 1952 रोजी त्या जमाती या कायद्यातून मुक्त झाल्या. पण ज्यांच्या आजोबांची नावे पोलिसांच्या वहीत होती, ते आज कोणी वही घेऊन पालाकडे येताना पाहून पोरांस आत बोलावतात, यात नवल काय? म्हणून नावनिशी ठेवावयाची तर ती कोणाच्या हाती राहील, कशासाठी वापरली जाईल, आणि नको असल्यास नाव काढून घेता येईल की नाही, हे ज्याचे नाव लिहावयाचे त्यास आधी सांगितले पाहिजे. त्या मुलाचा बाप पेन धरून इतका वेळ का थांबला होता, हे आम्हांस हा इतिहास वाचल्यावर उमगले. तो संकोच नसेलही. ती भीती असेल.

गेल्या वर्षापासून आमच्या वर्गापुरती आम्ही एक निराळी वही केली आहे. कायमचा पत्ता दाखल-पुस्तकात जसा असतो तसाच आहे. या वहीत मात्र 'सध्या कोठे राहता', 'कधीपासून', 'येथून उठलात तर पुढे कोठे जाल' आणि 'तुमचा ठावठिकाणा कोणास ठाऊक असतो' असे चार रकाने आहेत. विचारण्यापूर्वी वही कशासाठी आहे ते सांगतो. ज्यास सांगावयाचे नसेल त्याचा रकाना कोरा ठेवतो, आपल्या मनाने भरीत नाही. शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी ठरला आहे. बहुतेक वेळा उत्तर एखाद्या किराणा दुकानदाराचे किंवा मुकादमाचे येते. ही वही आम्ही पेन्सिलीने लिहितो, कारण दर महिन्यास तीत खोडावे लागते.